सेलबर्न : पाहणाऱ्यांचे आणि राबणाऱ्यांचे रान

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर काउंटीच्या पूर्व भागात, लंडनपासून सुमारे ८० किलोमीटरवर, सेलबर्न हे गाव आहे. एक लांबट, वाकडातिकडा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, मध्यावर चर्च आणि चर्चसमोर ‘प्लेस्टर’ नावाची मोकळी जागा. गावाच्या नैर्ऋत्येला खडूच्या दगडाची टेकडी जवळजवळ ३०० फूट चढते. तिच्या गावाकडच्या कडेवर नांगर चालवणे अशक्यच, म्हणून तिथे बीचचे दाट रान आहे. अशा उतारावरच्या रानाला त्या मुलखात ‘हँगर’ म्हणतात. टेकडीच्या माथ्यावर गावाचे सामाईक कुरण, सेलबर्न कॉमन. पूर्वेला उतरत गेले की शेते, ओढे, आणि त्यापलीकडे वूल्मरचा रेताड, झुडुपी माळ.

एवढ्याशा गावाबद्दल इंग्रजीत जितके लिहिले गेले, तितके जगातल्या फार थोड्या खेड्यांच्या वाट्याला आले असेल. त्याचे कारण गिल्बर्ट व्हाइट. १७२० साली इथे जन्मलेला, १७९३ साली इथेच वारलेला हा धर्मोपदेशक. त्याने आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या, निसर्गाबद्दल लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १७८८ च्या अखेरीस छापून तयार झाले. शीर्षकपृष्ठावर साल पडले १७८९. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या आहेत. प्रस्तुत संग्रहातले लेख या गावाभोवती आणि त्याच्या रानाभोवती गुंफलेले आहेत. मात्र हे पुस्तक व्हाइटच्या गौरवाचे नाही. एकाच रानाकडे दोन प्रकारची माणसे दोन गरजांनी जात होती. काही जण पाहायला जात, बाकीचे जळण आणायला, डुकरे चारायला, कधी रात्री हरीण मारायला. इंग्लिश खेड्याविषयीच्या लेखनात या दोन वाटा बहुतेक वेळा वेगळ्या पडलेल्या दिसतात. पहिलीवर निसर्गाचे अभ्यासक चालले, दुसरीवर इतिहासकार. या वाटा एकाच गावात एकमेकींना कुठे छेदतात हे दाखवावे, अशी या संग्रहामागची धडपड आहे.

सुरुवात जमिनीपासूनच करायला हवी. सेलबर्नच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले तर पायाखालची माती तीन-चारदा बदलते. पश्चिमेला खडू, त्याच्या पायथ्याशी माल्म नावाची राखट, सुपीक माती आणि तिच्याखाली हिरवट वाळूचा दगड, मग चिकणमाती, शेवटी वूल्मरची भुकी रेती. माल्मच्या पट्ट्यात गहू आणि बिअरला लागणाऱ्या हॉप्सचे वेल उत्तम येत. खडूवर बीच फोफावे, चिकणमातीवर ओक. रेतीवर हीदरची झुडुपे आणि पीट ही जळाऊ माती यांपलीकडे काही टिकत नसे. गावचे अर्थकारण, वर्गभेद, इतकेच काय भांडणेही या मातीच्या पट्ट्यांना धरून चालत, हे पुढल्या लेखांतून दिसेल. माल्मच्या मऊ दगडातून गेलेल्या गाडीवाटा चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने शतकानुशतके झिजत गेल्या. व्हाइटच्या काळी त्या काही ठिकाणी आजूबाजूच्या शेतांच्या पातळीपेक्षा १६ ते १८ फूट खोल गेल्या होत्या. वर मुळे लोंबताहेत, कड्यावर नेचे वाढलेत आणि तळातून बैलगाडीएवढी वाट जाते आहे, अशा या रस्त्यांचा नकाशा कुणीही आखलेला नव्हता. बाजाराला जाणाऱ्या आणि शेतावर जाणाऱ्या पायांनीच तो उमटवला.

आता व्हाइटविषयी. तो सेलबर्नचा व्हिकर, म्हणजे पॅरिशचा मुख्य धर्मोपदेशक, होता असा समज सर्रास आढळतो. त्याचे आजोबा व्हिकर होते. तो स्वतः मात्र ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचा फेलो, आणि सेलबर्नच्या चर्चची नेमणूक मॉडलिन कॉलेजच्या हाती. त्यामुळे गावात त्याने सहायक म्हणूनच काम केले. पद मोठे नसल्याने वेळ होता, आणि दुसरीकडे जाण्याची फारशी इच्छाही नव्हती. १७५१ पासून तो बागेची नोंदवही ठेवू लागला. १७५३ मध्ये त्याने भावासोबत हँगरच्या उतारावर नागमोडी पायवाट खोदली. ती आजही चढता येते. १७६८ पासून रोजच्या निरीक्षणांची छापील तक्त्यांची वही सुरू झाली आणि मरणापर्यंत चालली. टॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन नामवंत अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांतून पुस्तक उभे राहिले.

त्याचे वेगळेपण कशात? त्या काळचे बहुतेक निसर्गशास्त्र मेलेल्या प्राण्यांवर चाले. कातडी, सांगाडे, कपाटातले नमुने. व्हाइटने जिवंत पक्षी त्याच्या जागी, त्याच्या वेळेला, त्याच्या आवाजासह पाहिला. दिसायला जवळजवळ सारखे असे तीन छोटे वॉर्बलर त्याने मुख्यतः गाण्यावरून वेगळे ओळखले. हार्वेस्ट माउस हा चिमुकला शेतउंदीर त्याच्यामुळे इंग्लिश शास्त्राला माहीत झाला. स्विफ्ट पक्षी हवेत उडता उडता जुगतात, हे त्याने टिपले आणि गावात दरवर्षी त्यांच्या आठच जोड्या येतात हेही मोजून लिहिले. ही आठाची नोंद मला फार मोलाची वाटते. पिले होतात, तरी पुढच्या वर्षी जोड्या आठच. मग बाकीचे जातात कुठे? हा प्रश्न विचारायला दुर्बिणीची किंवा प्रयोगशाळेची गरज नव्हती. एकाच जागी टिकून राहणे पुरेसे होते.

गांडुळांबद्दल १७७७ साली त्याने लिहिलेले पत्र असेच आहे. माळी आणि शेतकरी गांडुळाला शत्रू मानत, तेव्हा जमीन भुसभुशीत ठेवणारा हा क्षुद्र जीव नाहीसा झाला तर केवढी पोकळी पडेल, हे त्याने सांगितले. डार्विनचे गांडुळांवरचे पुस्तक आले ते १८८१ मध्ये. हवामानाकडेही त्याचे तसेच लक्ष होते. १७८३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर विचित्र धुरकट आवरण पसरले. दुपारचा सूर्य चंद्रासारखा फिका दिसे, मांस एका दिवसात नासे, गावकरी भयभीत झाले. आइसलँडमधल्या लाकी ज्वालामुखीचा हा परिणाम होता. आज हवामानाचा इतिहास लिहिणारे व्हाइटच्या त्या नोंदींकडे पुन्हा पुन्हा वळतात.

पण त्याच पुस्तकात आणखी एक सेलबर्न आहे आणि ते वाचकांच्या नजरेतून निसटते. व्हाइटने गावची माणसे मोजली: रस्त्यालगतच्या घरांत ३१३, उरलेल्या पॅरिशमध्ये ३६३, एकूण ६७६. बायका वसंतात पिकांतले तण काढत आणि सप्टेंबरात हॉप्सच्या खुडणीत चार पैसे मिळवत, हे त्याने लिहिले. गरिबांच्या घरातल्या दिव्याविषयीचे त्याचे पत्र तर अर्थशास्त्राचा छोटासा नमुनाच आहे. ओढ्याकाठचे लव्हाळे म्हातारीकोतारी आणि मुले कापून आणत, साल सोलत, आतला गर वाळवून चरबीत बुडवत. २ फूट साडेचार इंच लांबीची अशी एक काडी ५७ मिनिटे जळाली. हिशेब करून व्हाइट सांगतो की एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, गरीब कुटुंबाला साडेपाच तास उजेड मिळू शकतो. आणि तरी अगदीच नडलेली माणसे मेणबत्ती एकेक करून विकत घेतात आणि जास्त पैसे घालवतात. पक्ष्यांच्या वेळा टिपणारा हात इथे गरिबीच्या मिनिटांची नोंद करतो आहे. या संग्रहाची बीजकल्पना त्या एका पत्रातून आली, हे आवर्जून नमूद करतो.

आता वनाकडे. वूल्मर हे राजाचे शिकारवन. पण व्हाइटच्या काळी तिथे एकही उभे झाड नव्हते. वन ठरे ते कायद्याने, तिथे हरणे राखली जात म्हणून. झाडे असोत वा नसोत, त्या हद्दीत राजाचा अधिकार आणि आसपासच्या गावांचे जुने हक्क एकमेकांवर चढलेले असत. पीट काढण्याचा, गुरे चारण्याचा, पडकी लाकडे नेण्याचा हक्क कुणाचा आणि किती, यावर पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. १७२३ चा ‘ब्लॅक ॲक्ट’ या मुलखातूनच उगवला. तोंडाला काळे फासून हरणे मारणाऱ्या टोळ्यांविरुद्ध केलेल्या या कायद्याने पन्नासहून अधिक कृत्यांना फाशीची शिक्षा ठरवली आणि तो शंभर वर्षे टिकला. व्हाइटला भेटणाऱ्या म्हाताऱ्यांना तारुण्यातली हरीणचोरी चांगली आठवत होती.

१७८४ चा प्रसंग तर पुरा वाचण्यासारखा आहे. शेजारच्या ॲलिस होल्ट वनात त्या वसंतात सुमारे १,००० ओक तोडले गेले. एक पंचमांश लाकूड वनाचे हक्कदार लॉर्ड स्टावेल यांचे. फांद्या आणि शेंडेही आपलेच, असे त्यांनी म्हटले. बिन्स्टेड, फ्रेन्शम, बेंटली, किंग्जली या गावांतल्या गरिबांनी मात्र फांद्यांवर आपला हक्क सांगितला, जमाव करून आले आणि त्या सगळ्या उचलून नेल्या. ज्याच्याकडे गाडीबैल होते असा एक जण चाळीस राशी लाकूड घेऊन गेला. ४५ जणांवर लॉर्डसाहेबांनी दावे लावले. व्हाइट हे सगळे पक्ष्यांच्या पत्रांच्या शेजारीच, आवाज न चढवता सांगतो. चारच वर्षांनी, १७८८ मध्ये, लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला की कापणीनंतर शेतात सरवा वेचण्याचा सर्वसामान्य हक्क इंग्लिश कायद्यात नाही. व्हाइटचे पुस्तक छापले जात होते तेच हे साल.

पुढे कॉमनांना कुंपणे पडत गेली. संसदेच्या हजारो कायद्यांनी सामाईक जमिनी आणि खुली शेते खासगी मालकीची झाली. सेलबर्नची टेकडी वाचली, पण गावची भूक थांबली नाही. नोव्हेंबर १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडभर शेतमजुरांचा उठाव झाला, तेव्हा सेलबर्नमध्ये जमावाने व्हिकरला चर्चचा दशांश कमी करायला भाग पाडले आणि गरिबांना कोंडून ठेवणारे वर्कहाऊस मोडून टाकले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हेडलीत तेच घडले. डिसेंबरात विंचेस्टरला खास न्यायासन बसले आणि कित्येक मजूर जहाजांत भरून ऑस्ट्रेलियाला धाडले गेले. व्हाइटच्या मरणाला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. त्याच हँगरखाली, त्याच रस्त्यावर हे घडले. तरीही पुढल्या शतकभरात सेलबर्नची जी प्रतिमा तयार झाली, तीत फक्त शांतता राहिली. पळणाऱ्या रेल्वेच्या, धुराड्यांच्या इंग्लंडला एक न बदललेले खेडे हवे होते आणि व्हाइटच्या पुस्तकातून त्याने ते सोयीपुरते उचलले.

या प्रतिमेला विरोध करणाऱ्या लेखकांची एक परंपरा सुरुवातीपासून होती. विल्यम कॉबेट १८२३ मध्ये घोड्यावरून सेलबर्नला आला, चर्चच्या आवारातल्या प्रचंड यू वृक्षाचा घेर त्याने मोजला, दरीच्या देखणेपणावर तो भाळला. पण जातीच्या शेतकऱ्याच्या नजरेने मजुराच्या ताटात काय आहे हेही पाहत गेला. नॉर्थॅम्प्टनशायरच्या हेल्पस्टनमध्ये जॉन क्लेअर हा मजूर-कवी होता. १८०९ च्या कायद्याने त्याच्या गावाचे माळ कुंपणात गेले. पाहणारा आणि राबणारा एकाच देहात असलेला असा लेखक त्या काळात दुसरा नाही. विसाव्या शतकात याच मुलखाजवळ जॉर्ज स्टर्ट याने मजुरांचे गाव आतून मोडत जाताना नोंदले. सफोकमधून रोनाल्ड ब्लाइद यांचे ‘एकनफील्ड’ १९६९ मध्ये आले, त्यात गावकरी स्वतःच्या तोंडाने बोलले.

दुसरी परंपरा भूप्रदेशाच्या अभ्यासकांची. तिला वळण दिले डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी. १९५५ च्या त्यांच्या पुस्तकाने सामान्य वाचकाला शिकवले की कुंपणाची ओळ, रस्त्याचे वळण, शेताचा आकार हे सगळे कागदपत्रांइतकेच वाचण्याजोगे पुरावे आहेत. पुढे ऑलिव्हर रॅकहॅम यांनी हीच दृष्टी रानाला लावली, आणि माझ्या मते या विषयात त्यांच्याइतके मूलभूत काम दुसऱ्या कुणी केलेले नाही. जहाजबांधणीने आणि लोखंडाच्या भट्ट्यांनी इंग्लंडची राने संपवली, हा शाळेतला समज त्यांनी पुराव्यानिशी मोडला. ॲश, हेझल, ओक यांना बुडापासून तोडले की ठराविक वर्षांनी पुन्हा फुटवे येतात. त्या फुटव्यांवर कुंपणाचे ताटवे, हॉप्सचे खांब, कोळसा आणि चूल चालत असे. ज्या रानाचा उपयोग होता ते राखले गेले. रान नाहीसे झाले ते मुळासकट उपटून शेत केल्यावर, किंवा विसाव्या शतकात त्यावर परदेशी सूचिपर्णी वृक्षांची लागवड झाल्यावर. १६०० सालापूर्वीपासून सलग असलेल्या रानाला आज इंग्लंडमध्ये प्राचीन वन म्हणतात, आणि ब्लूबेल, वुड ॲनिमोनी यांसारखी जमिनीलगतची फुले त्याच्या वयाची साक्ष देतात.

तिसरी परंपरा हक्कांच्या इतिहासाची. ई. पी. टॉम्पसन यांनी १९७५ मध्ये ब्लॅक ॲक्टवर ग्रंथ लिहिला आणि पूर्व हॅम्पशायरच्या हरीणचोरांना इतिहासात जागा दिली. त्याआधी दोनच वर्षे रेमंड विल्यम्स यांनी दाखवून दिले होते की जेन ऑस्टेनचे चॉटन, कॉबेटचे फार्नहॅम आणि व्हाइटचे सेलबर्न ही तिन्ही ठिकाणे काही मैलांच्या टापूत आहेत, पण तीन लेखकांना दिसलेले देश तीन वेगळे आहेत. चौथी परंपरा परिस्थितिकीची. ऑक्सफर्डजवळच्या वाइटम रानात १९४७ पासून ग्रेट टिट पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्या मोजणी चालू आहे. व्हाइटच्या आठ जोड्यांचा प्रश्न तिथे संख्याशास्त्राच्या भाषेत पुढे सरकला. या चारही शाळांतले लोक एकमेकांचे लेखन पुरेसे वाचत नाहीत, ही माझी तक्रार आहे. पक्षी मोजणाऱ्याला कुरण चरायचे कुणी थांबवले हे ठाऊक नसले, तर फुलपाखरे का गेली हे त्याला नीट कळणार नाही.

आज हा विषय पुन्हा का उघडायचा? कारण सेलबर्नचे रान डोळ्यांदेखत बदलते आहे. २५ जानेवारी १९९० च्या वादळात कॉबेटने मोजलेला यू वृक्ष कोसळला. मुळांच्या गुंत्यात जुन्या दफनांतली हाडे निघाली. छाटून तो परत उभा करण्याचा प्रयत्न झाला, पण झाड जगले नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एल्म वृक्ष रोगाने गेले होतेच. २०१२ पासून ॲशच्या झाडांवर बुरशीचा रोग पसरला आहे, आणि खडूच्या टेकड्यांवर बीचच्या खालोखाल ॲशच असतात. स्विफ्ट पक्षी २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. व्हाइटचा पत्रमित्र रॉबर्ट मार्शम याने नॉरफोकमध्ये १७३६ पासून पहिली पालवी, पहिला कोकिळ यांच्या तारखा टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालवले. ऋतू किती पुढे सरकला हे सांगताना शास्त्रज्ञ आज या वह्यांचा आधार घेतात.

बदलाला दुसरी बाजूही आहे. १८६५ मध्ये कॉमन वाचवण्यासाठी संस्था निघाली. १८८५ मध्ये सेलबर्नचे नाव घेऊन निसर्गरक्षणाची एक सोसायटी स्थापन झाली. टेकडी १९३२ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि २०१० पासून गाव साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानात आहे. ‘द वेक्स’ हे व्हाइटचे घर १९५५ पासून संग्रहालय झाले. वूल्मर लष्कराच्या सरावाची जागा बनल्यामुळे तिथे घरे झाली नाहीत, आणि सँड लिझर्डसारखे दुर्मीळ जीव तिथे राहू शकतात. मात्र वाचलेल्या टेकडीवर आता जळण नेणारे कुणी नाही. कुरण मोकळे राहावे म्हणून मुद्दाम गुरे सोडावी लागतात. पूर्वी गरिबाची गरज जे काम करी, ते आता संवर्धनाच्या आराखड्यात लिहावे लागते.

मराठी वाचकाने यात का शिरावे, याचे उत्तर १८८३ या एका सालात आहे. त्या वर्षी मुंबईत हौशी अभ्यासकांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकन हा साताऱ्यात जन्मलेला, मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरी करणारा माणूस. आपल्या बंगल्याच्या आवारातले उंदीर, बेडूक, पक्षी यांच्यावरचे त्याचे पुस्तकही त्याच वर्षीचे; व्हाइटची परसदारी नजर कोकणात आणि दख्खनात पोचली ती अशा लोकांकडून. आणि त्याच वर्षी जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा करत होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल खात्याने गायराने गिळली, शेतकऱ्याच्या शेरडांना रान बंद झाले, ही त्यातली तक्रार आहे. इंग्लंडमध्ये कॉमन वाचवण्याच्या चळवळीला यश येत होते, त्याच काळात इंग्रजांचे राज्य इथे गावांचे रानावरचे हक्क काढून घेत होते. आपल्याकडेही पक्षी पाहणारे आणि गायरानासाठी भांडणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. म्हणून सेलबर्नच्या या दोन वाटा इथल्या वाचकाला परक्या वाटणार नाहीत.

या संग्रहाची मांडणी काळानुसार केलेली नाही. माती, वाट, कुरण, वन, कुंपण, चर्चचे आवार अशा जागांनुसार लेख आहेत, आणि प्रत्येक जागेवर पक्ष्यांची वही व न्यायालयाचा कागद शेजारी ठेवण्याचा प्रयत्न आहे. वाचकाने हाताशी नकाशा ठेवावा आणि कोणत्याही जागेपासून सुरुवात करावी. तेराव्या शतकात स्थापन झालेल्या आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस मॉडलिन कॉलेजात विलीन झालेल्या सेलबर्नच्या मठाचा इतिहास इथे थोडक्यात आटोपला आहे. व्हाइटने त्यावर पुस्तकाचा मोठा भाग खर्च केला, पण तो आमच्या धाग्यापासून दूर जातो. टिमथी नावाच्या त्याच्या प्रसिद्ध कासवालाही एकाच लेखात जागा आहे. जास्तीची पाने दिली आहेत ती लव्हाळ्याच्या दिव्याला, हॉप्सच्या खुडणीला आणि १८३० च्या खटल्यांना. लव्हाळे सोलणाऱ्या बायकांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्यांचा माग पॅरिशच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, गरीबनिधीचे हिशेब आणि कोर्टात नवऱ्यांविरुद्ध चाललेले खटले यांतून काढावा लागला. तो भाग वाचायला सर्वांत कष्टाचा आहे, आणि तोच आधी वाचावा असे मी सुचवेन.